फिटरचे पुढचे दात

कागदाच्या कारखान्यात त्याला सगळे तोंडपाटील म्हणत. नाव ऐकून कुणालाही वाटेल, माणूस बडबड्या असणार, एका जागी बसून दुसऱ्यांना कामाला लावणारा. तसं काही नव्हतं. हा गृहस्थ इतकं कमी बोलायचा की त्याच्याशी गप्पा मारून आलेल्या माणसाला मागाहून कळायचं, अरे, सगळं आपणच बोललो! नाव पडलं होतं ते कामाच्या तऱ्हेवरून. तो फिटर होता, आणि यंत्र दातांनी ऐकायचा.

म्हणजे असं. त्याच्याकडे हातभर लांबीची पोलादी सळई होती, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेली. ओला कागद वाळवणारे मोठाले रूळ ज्या बेअरिंगांवर फिरतात, त्यांच्या झाकणाला तो सळईचं एक टोक लावायचा, दुसरं टोक पुढच्या दातांत धरायचा आणि कानांत बोटं घालायचा. बाहेरचा गोंगाट बंद. मग बेअरिंगच्या पोटातला आवाज सळईतून दातांत, दातांतून जबड्यात आणि जबड्यातून थेट डोक्यात. ही काही त्याची एकट्याची विद्या नव्हती. जुने फिटर बरेच जण असं करत. थरथर मोजणारं यंत्र आल्यावर बाकीच्यांनी सळया ठेवून दिल्या, यानं ठेवली नाही, एवढंच. शिफ्टचा इंजिनिअर भला माणूस होता. तो आपलं यंत्र लावायचा, हा आपले दात लावायचा, आणि दोघांचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघायचं.

कमी बोलणाऱ्या या माणसाचं एक वाक्य मात्र ठरलेलं होतं आणि ते तो वेळी-अवेळी म्हणायचा. "बेअरिंग आधी कुजबुजतं, मग बोलतं, मग ओरडतं. कुजबुजतं तेव्हाच थांबवायचं. ओरडायला लागल्यावर थांबवण्यासारखं काही उरत नाही." हे तो कारखान्यात म्हणायचा, आणि घरी जेवताना बायकोलाही ऐकवायचा. बिचारीला बेअरिंग म्हणजे गोल असतं की चौकोनी ते माहीत नव्हतं, पण वाक्य तोंडपाठ झालं होतं. कधी कधी तो घास चावत असला तर उरलेलं अर्धं तीच पूर्ण करायची.

त्याच्या दातांची काळजी घ्यायला घरचाच माणूस होता. बायकोचा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. बाप लवकर गेल्यावर त्यानंच बहिणीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. त्यामुळे घरात दादाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. माणूस मोठा हसतमुख. दात उपटण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, आणि कवळी तर अशी बसवायचा की म्हातारी माणसं दुकानात मुद्दाम हसून दाखवत. त्याचा दवाखाना एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता. मागच्या गॅलरीत हवेचा कॉम्प्रेसर, ज्याच्यावर त्याची दात कोरायची हत्यारं चालत.

तर लग्नानंतर पहिल्याच वर्षी मेव्हणा त्याला म्हणाला होता, "भावजी, आपण असं करू. माझी यंत्रं तुम्ही सांभाळा, तुमचे दात मी सांभाळतो." फिटरला हा सौदा मनापासून आवडला. तेव्हापासून तो वर्षातून दोनदा पिशवीत सळई आणि पाने घालून तिसऱ्या मजल्यावर जायचा, कॉम्प्रेसर ऐकायचा, तेल बदलायचा, पट्टा ताणायचा. काही खटकलं तर तिथल्या तिथे सांगायचा. एकदा तर बाहेर बाकावर पेशंट ताटकळत असताना यानं कॉम्प्रेसर बंद करून उघडला होता. मेव्हणा कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, आजच?" हा म्हणाला, "आजच. उद्या मोटर जळेल." मेव्हण्यानं ऐकलं होतं. काम झालं की मग मेव्हणा त्याला खुर्चीत बसवायचा, दातांवरून फिरता बुरूस फिरवायचा आणि आरसा दाखवायचा. दात कसे चकचकीत.

हिरड्यांतून रक्त यायचं. ते तर त्याची मुलगी लहान होती तेव्हापासून यायचं. त्यानं विचारलंही होतं. मेव्हणा म्हणाला, "नाजूक आहेत तुमच्या हिरड्या. बहुतेकांच्या असतात. रक्त येतं तिथं फार घासू नका." त्यानं घासणं सोडलं. सांगितलेलं ऐकणारा माणूस तो. ज्याचं काम त्यानं करावं, आपण मध्ये नाक खुपसू नये, असा त्याचा स्वभाव.

मग एके वर्षी सातव्या रुळाचं प्रकरण झालं.

सकाळची पाळी होती. त्यानं सातव्या रुळाच्या बेअरिंगला सळई लावली आणि त्याला आत खडा वाजल्यासारखं ऐकू आलं. पुन्हा लावली. पुन्हा खडा. इंजिनिअरचं यंत्र म्हणत होतं, सगळं ठीक आहे. पण इंजिनिअर म्हणाला, "काका, तुम्ही म्हणताय तर थांबवू." अख्खं यंत्र थांबलं. वरचा ओला कागद फाटून लगदा झाला. साखळ्या लावून, रूळ उचलून बेअरिंग उघडलं, तर आतल्या गोळ्या आरशासारख्या. एक ओरखडा नाही. कुणी बोल लावला नाही, चुका सगळ्यांच्याच होतात. पण महिन्याभरात त्याला तिसऱ्या रुळात तोच खडा ऐकू आला, आणि तेही बेअरिंग स्वच्छ निघालं. त्या वेळी साखळी ओढणारा एक जण पुटपुटला, "पाटलांचं तोंड फिरलं वाटतं." सगळे हसले. तोही हसला.

कानात दोष असेल म्हणून त्यानं कान तपासून घेतले. कान ठणठणीत. मग एके दिवशी सळई दातांत धरून तो बंद पडलेल्या यंत्राजवळ नुसता उभा होता. यंत्र बंद, आणि तरी त्याला खडा जाणवला. त्यानं सळई काढली, वरच्या पुढच्या दाताला बोट लावलं. दात हलला. शेजारचाही हलला. खडा रुळात नव्हता, त्याच्या तोंडात होता. मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं.

तो सरळ मेव्हण्याकडे गेला. मेव्हण्यानं दात हलवून बघितले, आरसा बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे न बघता हात धुवायला लागला. "वय झालं भावजी आपलं. दात म्हणजे काय, पाहुणे. आले तसे जायचे. वरचे चार काढून टाकू. अशी कवळी बसवतो की कुणाला कळणार नाही."

"कवळीनं सळई धरता येईल?"

मेव्हणा हसला. "आता कशाला ती सळई? मीटर आलेत ना तुमच्याकडे."

घरी येताना त्याला वाटलं, मेव्हणा म्हणतो तर असेल तसंच. पण दुसऱ्या दिवशी त्यानं ही गोष्ट इंजिनिअरच्या कानावर घातली, कारण चुका का झाल्या हे त्याला सांगायलाच हवं होतं. इंजिनिअर म्हणाला, "काढायच्या आधी हिरड्यांच्या डॉक्टरला दाखवा. वेगळे असतात ते. माझ्या आईचे दात असेच हलायचे, अजून तोंडात आहेत."

हिरड्यांना वेगळा डॉक्टर असतो हे फिटरला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं दातांच्या डॉक्टरच्या घरात जावई म्हणून वावरून!

बायकोला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "दादाला काय वाटेल? त्याच्या पाठीमागे दुसऱ्याकडे जायचं म्हणजे..." खरं तर त्यालाही तेच खात होतं. इतक्या वर्षांचा सौदा, आणि आपण चोरून दुसऱ्या दारात चाललो, ही काय रीत झाली? रात्री त्याला नीट झोपही लागली नाही. म्हणजे बघा, विश्वासघात आपण करतोय, असं त्याला वाटत होतं. बायको म्हणाली, "मग मीही येते." त्याला वाटलं, सोबत म्हणून येते आहे.

हिरड्यांची डॉक्टर तरुण बाई होती, आवाज मोठा, बोलणं सरळ. तिनं खुणा कोरलेली एक बारीक काडी घेतली आणि एकेका दाताच्या कडेनं हिरडीच्या आत घालत आकडे बोलायला लागली. मदतनीस बाई ते लिहून घेत होती. "तीन, चार, सहा. सहा, सात, सात. इथं आठ." फिटरचं तोंड उघडं, कान टवकारलेले. दुखत होतं, पण त्याला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याच्या दातांचं माप घेत होतं. आतापर्यंत नुसतं वरून पुसून आरसा दाखवत होते. यंत्र असं वरून पुसून परत दिलं असतं तर त्यानं त्या फिटरला कामावरून काढलं असतं.

एक्स-रे काढून तिनं तो उजेडात धरला. "काका, दात जबड्याच्या हाडात रोवलेला असतो. हिरडीखाली घाण साचली की हिरडी सुजते, दातापासून सुटते, फट खोल होत जाते आणि खालचं हाड झिजतं. तीन मिलिमीटरपर्यंतची फट चालते. तुमची आठवर गेली आहे. पुढच्या दातांना हाड अर्धंही उरलं नाही. साखर तपासून घ्या, तंबाखू नाही ना? बरं. आता करता काय येईल ते सांगते."

आणि तिनं सांगितलं. आधी भूल देऊन हिरडीखालची खोल सफाई, मुळांना चिकटलेलं कीटण खरवडून काढायचं. एका बैठकीत एक बाजू, दुसऱ्या बैठकीत दुसरी. मग दोनेक महिने हिरड्यांना बसू द्यायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. बऱ्याच फटी तेवढ्यानंच कमी होतात. जिथं होणार नाहीत तिथं हिरडी थोडी उघडून, मुळं डोळ्यांनी बघत साफ करून टाके घालायचे. हाडात खड्डा असेल तर कधी कधी हाडाची भुकटी भरता येते, पण पुढं हाड सरसकट खाली गेलंय, तिथं भुकटी टिकणार नाही. हलणारे दात मागून बारीक तारेनं एकमेकांना बांधायचे. खालचा एक मात्र काढावाच लागेल.

"आणि सगळे काढून कवळी?" त्यानं विचारलं.

"तो मार्ग नेहमीच मोकळा असतो. पण काढलेला दात परत लावता येत नाही. म्हणून तो शेवटी."

"स्क्रूचा दात बसवतात म्हणे. त्यातून सळईचा आवाज ऐकू येईल?"

तिनं सळईचं काय ते विचारून घेतलं आणि खळखळून हसली. "मला माहीत नाही हो काका. कुणी विचारलंच नाही आजवर. पण हिरड्या अशाच राहिल्या तर स्क्रूच्या दाताखालचं हाडसुद्धा जाईल. आणि उरलेल्या दातांत सळई धरायची नाही. कधीच नाही." माहीत नाही असं सरळ म्हणाली, हेच त्याला फार आवडलं. मग तिनं सहज विचारलं, "हे एका वर्षात होत नाही. आधी कुणी सांगितलं नाही?"

"दरवर्षी तपासणी होते की," तो म्हणाला. "मेव्हणेच डॉक्टर आहेत आमचे. कधी काही निघालं नाही."

शेजारच्या खुर्चीतून बायको घाईघाईनं म्हणाली, "तेव्हा एवढं नव्हतं हो. दादा म्हणाला होता, हाड थोडंच..."

आणि तिथंच थांबली.

डॉक्टरीण एक्स-रेकडे बघत राहिली. फिटरनं बायकोकडे वळून पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तेव्हा म्हणजे केव्हा?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "घरी बोलू."

मग त्यानं डॉक्टरणीला एकच गोष्ट विचारली. चार-पाच वर्षांपूर्वी आलो असतो तर? ती जरा घुटमळली, पण खोटं बोलली नाही. "तेव्हा बहुतेक नुसत्या खोल सफाईवर भागलं असतं."

घरी आल्यावर बायकोनं सगळं सांगितलं, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, त्याच्याकडे पाठ करून. चार वर्षांपूर्वी दादानं कसल्याशा दाढेसाठी एक्स-रे काढला होता. त्यात दिसलं. त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं. "म्हणाला, भावजींच्या दातांखालचं हाड झिजलंय. मला आधीच दिसायला हवं होतं. माझ्याच हाताखाली झालं हे, आता कोणत्या तोंडानं सांगू त्यांना? म्हणाला, ऐकून धसका घेतील, सळई सुटली तर माणूस खचेल. चालतील अजून काही वर्षं. तू फक्त त्यांना कडक काही देऊ नकोस. आणि मला शपथ घातली."

"आणि तू पाळलीस."

"दादा आहे तो माझा."

"मी रोज जेवताना काय म्हणतो?"

ती ओटा पुसायला लागली.

"म्हण ना. पाठ आहे तुला."

"बेअरिंग आधी कुजबुजतं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्यानं तिची समजूत काढली नाही. एरवी काढली असती. त्याचं लक्ष ओट्यावरच्या बशीकडे गेलं होतं. बशीत सफरचंदाच्या फोडी होत्या, पातळ, कागदासारख्या, साल काढलेल्या. गेली चार वर्षं ती त्याला सफरचंद असंच द्यायची. पावाची कड कापून द्यायची, गाजर शिजवून द्यायची. त्याला वाटायचं, वय वाढतंय तशी बायकोची माया वाढतेय. कारखान्यात डबा उघडल्यावर बाकीचे चिडवायचे, "पाटील, वहिनी तुम्हाला घासही चावून देतात का?" आणि तो मनातून सुखावायचा. त्या फोडी मायेच्या नव्हत्या. म्हणजे होत्याही असतील, पण त्याआधी त्या गुपिताच्या होत्या. दिवसातून दोनदा, बशीत मांडून, तिनं त्याला फसवलं होतं आणि त्यानं ते चवीनं खाल्लं होतं.

त्यानं टोपलीतलं अख्खं सफरचंद उचललं आणि कचकन चावा घेतला. कळ टाळूपर्यंत गेली. सफरचंदावर दातांच्या खुणा उमटल्या आणि त्या खुणांतून लाल रेघ झिरपली. त्यानं ते तसंच ओट्यावर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला. त्याला राग आला होता म्हणावं तर तसंही नव्हतं. राग यायला समोरचा वैरी लागतो. इथं एक त्याच्यासाठी सफरचंद बारीक चिरणारी बायको आणि दुसरा मनमोकळा हसणारा मेव्हणा. दोघांनी त्याच्यावर प्रेमच केलं होतं, आणि प्रेमापोटी त्याला मोडेपर्यंत चालवलं होतं. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. यांना काय द्यायचं?

उपचार सुरू झाले. खोल सफाईच्या दोन बैठका झाल्या. भूल उतरल्यावर जबडा ठणकला, थंड पाणी लागलं की शिरशिरी यायची. डॉक्टरणीनं घासायला नव्यानं शिकवलं. बुरूस तिरका धरून नेमका हिरडी आणि दात भेटतात तिथं, आणि दोन दातांच्या फटींत बारीक बुरूस. "रक्त येतं तिथं घासू नका, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तिनं विचारलं. त्यानं विषय बदलून बुरूस कुठला घ्यायचा ते विचारलं. इतक्या वर्षांच्या नात्याची लाज राखावी, असं अजूनही त्याच्या मनात कुठंतरी होतं. दोन महिन्यांनी माप घेतलं तेव्हा बरेच आकडे खाली आले होते. उजवीकडे हिरडी उघडून टाके घालावे लागले. खालचा एक काढला. पुढचे तारेनं बांधले. घट्ट झाले नाहीत, पण एकमेकांच्या आधारानं उभे राहिले.

कारखान्यात इंजिनिअरनं त्याला कानाला लावायची नळी आणून दिली, छातीचे ठोके ऐकायला डॉक्टर वापरतात तसली. तो ती मुकाट्यानं वापरायला लागला. आवाज यायचा, पण पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा. सळई कपाटात ठेवली. घरी बायको सफरचंद आणि सुरी दोन्ही त्याच्यासमोर ठेवायची आणि आत जायची. तो स्वतः फोडी करायचा. तिच्याइतक्याच पातळ कराव्या लागायच्या, हे त्याला रोज नव्यानं झोंबायचं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. जेवताना तो ते वाक्य आता म्हणत नव्हता.

मेव्हण्याकडे तो गेला नाही, आणि मेव्हणाही आला नाही. मग एके दिवशी बायको दारात उभी राहून म्हणाली, "दादाचा फोन होता. कॉम्प्रेसर आवाज करतोय म्हणाला. तुम्हाला कळलंय हे मी त्याला सांगितलंय, म्हणून तुम्ही जाल का, असं विचारायलाही लाजत होता."

तो गेला. का गेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. सौदा मेव्हण्यानं मोडला होता, यानं नव्हता मोडला.

मेव्हण्याच्या चेहऱ्यावर मास्क होता, खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसली होती. "या भावजी," तो म्हणाला, आणि मागोमाग गॅलरीत आला. "मी सांगणारच होतो हो. योग्य वेळ बघत होतो. तुमच्या काळजीपोटीच... तुमचा जीव त्या सळईत." फिटरनं नळीही काढली नाही. गरजच नव्हती. दारात पाऊल ठेवल्याबरोबर त्याला ऐकू आलं होतं. मोटरचं बेअरिंग कुजबुजत नव्हतं, चांगलं बोलत होतं. आठवड्याभरात ओरडलं असतं, आणि मग मोटर, पट्टा, सगळंच गेलं असतं.

"आज बंद नका करू तेवढं," मेव्हणा अजिजीनं म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पेशंट आहेत, उद्याही आहेत. चालेल ना अजून थोडे दिवस?"

फिटरनं त्याच्याकडे पाहिलं. मास्कच्या वर डोळे तेच, लग्नाच्या वर्षी सौदा करताना हसणारे.

"चालेल," फिटर म्हणाला.

"नक्की?"

"चालेल. काही नाही झालेलं. थोडा जुना झालाय, एवढंच."

मेव्हण्यानं सुटकेचा निःश्वास टाकला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पेशंटकडे वळला. फिटर पिशवी उचलून जिन्यानं उतरायला लागला. पहिला मजला उतरेपर्यंत त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. जशास तसं. दुसऱ्या वळणावर वरून कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, भिंतीतून, आणि त्यात तो खडा. या खेपेला खडा खरा होता, त्याच्या तोंडातला नव्हता. तो भरभर उतरला. खालच्या दारात पोचला, रस्त्यावर रहदारी होती, तिथं कॉम्प्रेसर ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि तरी त्याला तो ऐकू येत होता. हात कठड्यावर, एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, असा तो उभा राहिला. एका माणसानं "काका, वाट द्या" म्हटलं.

तो वळला आणि तिन्ही जिने पुन्हा चढला. धापा टाकत सरळ गॅलरीत गेला आणि बटण बंद केलं. आत मेव्हण्याच्या हातातलं हत्यार कुईं करत थांबलं. मेव्हणा दारात आला.

"खोटं बोललो," फिटर म्हणाला. "बेअरिंग गेलंय. आजच उघडावं लागेल."

मेव्हण्यानं हातमोजे काढले.

"तीन जिने उतरलो दादा. तेवढ्यातसुद्धा मला पोटात ठेवता आलं नाही." त्याची धाप अजून बसली नव्हती. "तुम्ही दोघांनी चार वर्षं कसं ठेवलंत?"

खुर्चीतली बाई तोंड उघडं ठेवून दोघांकडे बघत होती. मेव्हण्यानं मास्क खाली केला. फिटर गॅलरीत खाली बसला आणि पिशवीतून पाने काढायला लागला.